लेकीचा कान आठ महिने वाहतोय आणि तीन कल्चर रिपोर्ट तीन वेगळ्या गोष्टी सांगतायत

चांदणवेल

नमस्कार, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, काल रात्री उशीचा अभ्रा बदलताना पुन्हा तो पिवळट-हिरवा डाग दिसला आणि ठरवलं की आता विचारायचंच.

माझी लेक साडेचार वर्षांची आहे. आठ महिन्यांपूर्वी सर्दी झाली, मग एका रात्री उजवा कान भयंकर ठणकला, रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते, पहाटे कान फुटला आणि ठणका एकदम थांबला. आम्हाला वाटलं सुटलो. पण तेव्हापासून तो कान धड कोरडा असा राहिलेलाच नाही, मधे पंधरा दिवस बरा वाटतो आणि जरा नाक गळायला लागलं की परत वाहायला लागतो. आता दुखत नाही, ताप नाही, नुसता वाहतो आणि वास येतो. उजवीकडून हाक मारली की ती डावीकडे मान वळवून बघते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतंय.

पोटातून अँटिबायोटिकचे चार कोर्स झालेत, ड्रॉप्स मधे मधे चालू-बंद. तीन वेळा कल्चर, म्हणजे पुवातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी, केलं. पहिल्या रिपोर्टमध्ये 'कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस', दुसऱ्यात 'स्यूडोमोनास एरुजिनोसा, सोबत डिफ्थेरॉइड्स', आणि गेल्या आठवड्यातल्या तिसऱ्यात '48 तासांनंतर वाढ नाही'. म्हणजे जंतू आहे की नाही? असेल तर कुठला? प्रत्येक रिपोर्टनंतर औषध बदललं आणि कान काही थांबला नाही. तीनही रिपोर्ट समोर ठेवून बसलेय, कशावर विश्वास ठेवू कळत नाहीये.

काचपट्टी

ताई, मी डॉक्टर नाही, पण गेली बरीच वर्षं मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये कल्चरच्या टेबलावर काम करतोय, कानाचे स्वॅब, म्हणजे काडीवर घेतलेले नमुने, रोज येतात. तुमचे रिपोर्ट वाचून पहिला प्रश्न मनात आला तो 'कुठला जंतू' हा नाही, 'स्वॅब कुठून घेतला' हा आहे. रागावू नका, पण याचं उत्तर आधी द्या, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

नक्की काय हवंय ते सांगतो. स्वॅब घेताना मूल कुठे बसलं होतं आणि घेणाऱ्याने कानात उजेड टाकून बघितलं होतं का. आधी कान साफ केला होता का. स्वॅबची काडी जाड कापसाची होती की बारीक. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी ड्रॉप्स घातले होते का, पोटातून काही चालू होतं का. काडी कोरड्या नळीत ठेवली की तळाशी जेलीसारखं काहीतरी असलेल्या नळीत. आणि लॅबला पोचायला किती वेळ लागला.

माळरान

वाचतोय, कारण आमच्याकडे पण कानच आहे, पण वेगळ्या तऱ्हेचा. मुलाचा कान वाहत नाही, पडद्याला भोक नाही, पण आत चिकट पाणी साठलंय असं सांगितलंय, चार महिने झाले. शाळेतून तक्रार आली की लक्ष देत नाही, तपासल्यावर कळलं की लक्षाचा प्रश्नच नव्हता, ऐकूच कमी येत होतं. टिंपॅनोमेट्रीचा, म्हणजे कानाचा पडदा किती हलतो ते बघणाऱ्या तपासणीचा, आलेख सपाट आला. आम्हालाही कल्चर करून घ्यावं का? आणि बाहेरून काही पाझरतच नाही तर ते करायचं कसं?

चांदणवेल

काचपट्टी, रागवायचं कशाला, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आठवेल तसं लिहिते.

पहिल्या वेळी लॅबच्या काउंटरवरच घेतला, ती माझ्या कडेवर होती आणि रडत होती, त्या मुलीने कापसाची नेहमीची जाड काडी कानाच्या तोंडाशी गोल फिरवली आणि झालं. उजेड वगैरे काही नाही. दुसऱ्या वेळी एका इएनटी, म्हणजे कान-नाक-घशाच्या, डॉक्टरांनी घेतला, त्यांनी आधी कापसाने पू टिपून घेतला होता आणि मग आत बघून काडी घातली, तेव्हा ड्रॉप्स बंद होऊन आठवडा झाला होता. तिसऱ्या वेळी पुन्हा लॅबमध्ये, त्या सकाळीच मी सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे ड्रॉप्स घातले होते कारण बंद करा असं कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी नमुने न्यायला माणूस संध्याकाळी येणार म्हणून त्यांनी माझ्यासमोर ती नळी फ्रीजमध्ये ठेवली.

काचपट्टी

धन्यवाद ताई, तुम्ही इतकं बारीक लक्षात ठेवलंत म्हणून सगळं उलगडतंय. आता एकेक रिपोर्ट बघू.

पहिला. कानाच्या बाहेरच्या नळीत, म्हणजे पडद्याच्या अलीकडे, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच कायम काही जंतू वस्तीला असतात. कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस आणि डिफ्थेरॉइड्स ही त्यातली नेहमीची मंडळी. त्या कुटुंबातल्या एका जातीचं 1983 साली नावच 'ऑरिक्युलॅरिस' ठेवलं गेलं, कानावरून, इतकी ती कानात सापडते. तेव्हा कानाच्या तोंडाशी काडी फिरवली तर कातडीवरचा रहिवासी मिळणारच, आजार मात्र पडद्यापलीकडच्या पोकळीत आहे. अंगणातली माती तपासून विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट दिल्यासारखं झालं हे. पहिला रिपोर्ट मी तरी बाजूला ठेवेन.

तिसरा. सकाळी ड्रॉप्स घातलेले, म्हणजे काडीवर पुवाबरोबर अँटिबायोटिकही आलं आणि प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीत, ते जंतूंना वाढू देईना. शिवाय फ्रीज. लघवीचा नमुना फ्रीजमध्ये ठेवतात म्हणून पुष्कळांना वाटतं सगळेच ठेवायचे, पण कानाच्या नमुन्यातले हिमोफिलस आणि न्यूमोकोकस फार नाजूक, थंडीत मरतात. न्यूमोकोकस तर त्याहून विचित्र, त्याच्या स्वतःच्याच शरीरात पेशी विरघळवणारं एन्झाइम असतं, जरा म्हातारा झाला की आपला आपण फुटून जातो, मग प्लेटवर उगवणार काय? तुमच्या लेकीच्या बाबतीत मला वाटतं ड्रॉप्सनेच काम केलं. पण 'वाढ नाही' म्हणजे 'जंतू नाही' असा अर्थ अजिबात काढू नका, त्या काडीवर जिवंत काही उरलं नव्हतं एवढंच ते सांगतं.

राहिला दुसरा, तोच मला खरा वाटतो. आत बघून, टिपून, ड्रॉप्स थांबवून घेतलेला. डिफ्थेरॉइड्स काडी आत नेताना कातडीला घासली त्याचे. स्यूडोमोनास मात्र जुनाट वाहत्या कानात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या जंतूंपैकी आहे, त्याच्या जोडीला स्टॅफिलोकोकस ऑरियस, मग प्रोटियस, क्लेब्सिएला हे येतात. प्लेटवर स्यूडोमोनास ओळखायला फार त्रास पडत नाही, हिरवट रंग सोडतो, झाकण उघडायच्या आधीच द्राक्षासारखा गोडसर वास येतो. प्रोटियस लाटा पसरल्यासारखा अख्खी प्लेट व्यापतो. तुमच्या उशीवरचा हिरवट डाग वाचून मला पहिल्यांदा स्यूडोमोनासच आठवला होता, पण डागावरून निदान होत नाही म्हणून गप्प बसलो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोटातून दिलेली ती चार औषधं कुठली होती ते सांगाल का?

चांदणवेल

जुनी कागदं काढली. अ‍ॅमॉक्सिसिलिन, मग अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड दोनदा, मग सेफिक्झिम.

काचपट्टी

यातलं एकही स्यूडोमोनासवर चालत नाही ताई. जंतू जन्मतःच या औषधांना दाद देत नाही.

याचा अर्थ डॉक्टर चुकले असा मी काढणार नाही. पहिल्या रात्री जो कान ठणकला तो ताजा संसर्ग होता, त्यात न्यूमोकोकस, कुठल्याच ठरावीक प्रकारात न बसणारा हिमोफिलस आणि मोराक्सेला हे तिघं असतात, ते नाकामागच्या पोकळीतून, नाक आणि कान जोडणाऱ्या आतल्या नळीवाटे कानात चढतात. त्यांच्यासाठी अ‍ॅमॉक्सिसिलिन बरोबरच होतं. पण पडदा फुटून भोक तसंच राहिलं की रस्ता उलटा होतो, बाहेरच्या नळीतून, पाण्यातून स्यूडोमोनाससारखे ओलाव्यात राहणारे जंतू आत शिरतात आणि ठाण मांडतात. म्हणजे पहिल्या दिवशीचा जंतू आणि आठव्या महिन्यातला जंतू वेगळे असू शकतात, औषध मात्र पहिल्याच जंतूचं चालू राहिलं.

दवबिंदू

मी इएनटीमध्ये काम करते. काचपट्टी यांनी स्वॅबचं फार छान समजावलंय, मला कानाच्या बाजूने थोडं सांगू द्या.

चांदणवेल, दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस भोकातून कान वाहत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत तो जुनाट पू होणारा मध्यकर्णदाह, काही ठिकाणी सहा आठवड्यांची मर्यादा धरतात. तुमचा आठ महिने आहे, म्हणजे प्रश्नच नाही. जंतूच्या नावाआधी मला एक गोष्ट कळायला हवी, भोक पडद्याच्या मधोमध आहे की वरच्या कोपऱ्यात, कडेला. मधलं असेल तर बहुतेक वेळा औषधाने कोरडा होतो. वरचं असेल, कुजकट वास जातच नसेल, पांढरे पापुद्रे निघत असतील तर आत कातडीची गाठ, म्हणजे कोलेस्टिएटोमा असू शकतो, ती हाड खात जाते आणि ती कुठल्याच अँटिबायोटिकने जात नाही, ऑपरेशनच लागतं. तिच्यावर वाढलेला स्यूडोमोनास कल्चरमध्ये येतो, रिपोर्ट अगदी बरोबर असतो आणि तरी मूळ आजार राहून जातो. म्हणून मायक्रोस्कोपखाली कान बघून घेतल्याशिवाय पुढचं कल्चर करू नका, दोन्ही एकाच बैठकीत होतं. सक्शनने, म्हणजे पू ओढून घेणाऱ्या यंत्राने, कानाची नळी स्वच्छ करायची, मग भोकातून ताजा पू येतो तो बारीक काडीने किंवा सक्शनच्याच नळीत धरायचा, कडांना न लावता.

आता सेन्सिटिव्हिटीबद्दल, म्हणजे जंतूवर कुठलं औषध चालतं ते रिपोर्टमध्ये लिहितात त्याबद्दल, इथे पालकच काय, आमच्यातलेही गोंधळतात. दुसऱ्या रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे काय लिहिलं होतं?

चांदणवेल

'रेझिस्टंट', म्हणजे औषध चालत नाही. म्हणूनच नंतर ड्रॉप्स नीट घातलेच नाहीत, वाटलं उपयोग काय.

दवबिंदू

मला वाटलंच होतं. लॅब जेव्हा रेझिस्टंट लिहिते तेव्हा हिशोब असा असतो की औषध पोटातून किंवा शिरेतून दिलं तर रक्तात जेवढं पोचतं तेवढ्याने जंतू मरेल का. स्यूडोमोनाससाठी ती रेघ एका मिलिलिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. कानाचे ड्रॉप्स 0.3 टक्क्यांचे असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 3000 मायक्रोग्रॅम. हजारपटींहून जास्त. तेव्हा कागदावर रेझिस्टंट असलेला जंतूही ड्रॉप्सनी जाऊ शकतो, पण अट एकच, ड्रॉप जंतूपर्यंत पोचला पाहिजे. पुवाने भरलेल्या कानात थेंब टाकला तर तो पुवावरच तरंगतो आणि उशीवर येतो.

म्हणून आधी सफाई, मग ड्रॉप्स. बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरा, गार थेंबाने मुलांना गरगरतं. मूल कुशीवर, थेंब टाकल्यावर कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो तो हळूहळू आठ-दहा वेळा दाबायचा, त्याने थेंब पडद्याच्या भोकातून आत ढकलला जातो. हे दाबणं जवळजवळ कुणीच करत नाही.

ग्रोमेट, म्हणजे कानाच्या पडद्यात बसवायची बारीक नळी, घातलेल्या मुलांचा कान वाहायला लागल्यावर काय चांगलं, याचा एक अभ्यास 2014 मध्ये नेदरलँड्समधून आला, 230 मुलं होती. दोन आठवड्यांनी कान अजून वाहतोय असं ड्रॉप्सवाल्या गटात 5 टक्के मुलांत दिसलं, पोटातून अँटिबायोटिक दिलेल्यांत 44 टक्के आणि नुसती वाट बघितलेल्यांत 55. ते अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले ड्रॉप्स होते, आणि ग्रोमेटचा कान म्हणजे तुमच्या लेकीचा कान नव्हे हे मला माहितीये, पण औषध कुठून द्यायचं याचा अंदाज त्यावरून येतो. आणि पडद्याला भोक असताना अमिनोग्लायकोसाइड जातीचे ड्रॉप्स, जेंटामायसिन, निओमायसिन वगैरे, आतल्या कानाला इजा करू शकतात, घरातली जुनी बाटली उचलून घालू नका.

कानामागे सूज, कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, चेहरा एका बाजूला वाकडा होणं, चक्कर, उलट्या, जोराची डोकेदुखी, सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर कल्चरची वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखाना.

रानवारा

मला एक कळत नाही, आजच्या काळात प्लेटवर जंतू उगवायची वाट कशाला बघायची? थेट पीसीआर, म्हणजे डीएनएवरून जंतू ओळखायची तपासणी, करा ना, काही तासांत सगळे जंतू कळतील. कल्चर हे जुनं झालं.

काचपट्टी

रानवारा, तुमचा मुद्दा अर्धा पटतो, आणि माळरान यांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पडदा शाबूत आणि आत चिकट पाणी, अशा कानातलं पाणी प्लेटवर टाकलं की बहुतेक वेळा काहीच उगवत नाही. त्यामुळे कित्येक वर्षं समज होता की हे पाणी निर्जंतुक असतं. 1995 मध्ये ग्रोमेटच्या ऑपरेशनवेळी काढलेल्या पाण्याचे 97 नमुने पीसीआरने तपासले गेले. कल्चर आणि पीसीआर दोन्हींत पॉझिटिव्ह आले 28. आणखी 47 नमुने असे निघाले की प्लेट रिकामी पण पीसीआर म्हणतोय जंतू आहे, तेच तीन, न्यूमोकोकस, हिमोफिलस, मोराक्सेला. लोक म्हणाले हा मेलेल्या जंतूंचा डीएनए असेल, तर 1998 मध्ये अशाच कानांतल्या पाण्यात जंतूंचा एमआरएनए, म्हणजे जिवंत पेशी बनवते तो निरोप्या रेणू, दाखवला गेला, जो जंतू मेल्यावर फार वेळ टिकत नाही. मग 2006 मध्ये ग्रोमेट घालायला आलेल्या 26 मुलांच्या कानातल्या अस्तराचे बारीक तुकडे खास मायक्रोस्कोपखाली बघितले, 50 पैकी 46 तुकड्यांवर बायोफिल्म होती. बायोफिल्म म्हणजे जंतूंची चिकट पांघरुणाखालची वसाहत, दगडावरच्या शेवाळासारखी. ती अस्तराला धरून बसते, पाण्यात तरंगत नाही, म्हणून काडीवर येत नाही, आणि आतले जंतू सुस्तावलेले असल्यामुळे प्लेटवर वाढत नाहीत आणि औषधालाही सहज मरत नाहीत. जुनाट कानाचं अर्धं कोडं इथे आहे असं मला मनापासून वाटतं.

तर पीसीआर जास्त पकडतं हे खरं. पण ते तेवढंच शोधतं जेवढं आपण शोधायला सांगतो, सर्दी-न्यूमोनियासाठी बनवलेल्या पॅनलमध्ये, म्हणजे ठरावीक जंतूंच्या यादीत, कानातला जंतू नसेल तर समोर असूनही दिसणार नाही. दुसरं, कातडीवरचा पाहुणाही पीसीआरला दिसतो, त्यामुळे चुकीच्या जागची काडी असेल तर गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतो. अ‍ॅलॉयोकोकस ओटायटिडिस नावाचा एक फार सावकाश वाढणारा जंतू पीसीआरमध्ये सारखा सापडतो, आणि तो निरोगी कानाच्या नळीतही असतो, मग तो गुन्हेगार की नुसता शेजारी यावर अजून वाद आहे. आणि तिसरं, कुठलं औषध चालेल हे पीसीआर फारसं सांगत नाही, त्याला जिवंत जंतूच हवा. म्हणून वाहत्या कानाला मी कल्चरच म्हणेन, सोबत ग्रॅम स्टेन, म्हणजे पू काचेवर पसरून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघणं, नक्की मागा. काचपट्टीवर पुवाच्या पेशी भरपूर आणि त्यांच्या आजूबाजूला एकाच तऱ्हेचे जंतू दिसले तर तो खरा, पुवाच्या पेशी नाहीत आणि कातडीच्या पेशीच जास्त असतील तर नमुनाच चुकीचा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचे दोन दिवस कुठे बघायचं ते सांगून जातं.

माळरान, तुमच्या मुलाच्या पडद्याला फक्त कल्चरसाठी सुई लावायची सहसा गरज नसते. यावर दवबिंदू जास्त नीट सांगतील.

दवबिंदू

माळरान, बरोबर सांगितलंय त्यांनी. आत पाणी असलेल्या पण न दुखणाऱ्या कानाला साधारण तीन महिने वाट बघतात कारण पुष्कळदा ते आपलं आपण ओसरतं, अँटिबायोटिक देऊन फायदा दिसत नाही. तुमचे चार महिने झालेत आणि ऐकू कमी येतंय, तेव्हा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून ग्रोमेटबद्दल बोलायची वेळ झालीये. ग्रोमेट घालताना पाणी निघतंच, तेव्हा ते तपासायला पाठवायचं की नाही ते सर्जन ठरवतील. नाकामागची अ‍ॅडिनॉइडची गाठही बघून घ्या, हे जंतू तिथेच मुक्काम करतात.

कुणी नाकातला स्वॅब घेऊन 'कानातला जंतू' सांगत असेल तर सावध राहा. नाकामागे एखादा जंतू नसेल तर तो कानातही बहुधा नसतो, इतपत ठीक, पण नाकात आहे म्हणून कानात तोच असं म्हणता येत नाही, लहान मुलांच्या नाकात हे तिघं एरवीही असतात.

माळरान

समजलं, आभार. एक शंका, आमच्या मुलाला हिमोफिलसची लस दिलीये, मग हिमोफिलसचं नाव कसं येतं?

काचपट्टी

ती लस 'बी' प्रकारावर आहे, त्या प्रकाराच्या अंगावर कवच असतं आणि लस त्या कवचाविरुद्धच काम करते, मेंदूज्वरापासून ती वाचवते. कानात येणाऱ्या हिमोफिलसला बहुतेक वेळा कवचच नसतं, मी वर कुठल्याच प्रकारात न बसणारा म्हटलं तो हाच. लस तुमच्या मुलाला उपयोगी पडलीच आहे, फक्त कानासाठी नाही.

हा जंतू वाढवायलाही वेगळी प्लेट लागते, चॉकलेट अगार. नावापुरतंच चॉकलेट, रक्त तापवून तपकिरी झालेलं असतं, तापवल्याने तांबड्या पेशी फुटून त्याला लागणारे दोन घटक बाहेर येतात. फॉर्मवर 'मध्यकर्णातला पू' असं न लिहिता नुसतं 'पू' लिहून आलं आणि लॅबने चॉकलेट प्लेट टाकलीच नाही तर हिमोफिलस असूनही सुटतो. दोन शब्दांची किंमत आहे बघा.

पायवाट

मी सहसा लिहीत नाही पण हा विषय जिवाला लागलाय. माझ्या मुलाचा कान सात महिने वाहत होता, दुखत अजिबात नव्हता, पाण्यासारखं पातळ यायचं. प्रत्येक कल्चरमध्ये स्यूडोमोनासच. औषध द्यायचे, जरा कमी व्हायचं, परत चालू. ऐकू येणं फार झपाट्याने गेलं, वाहण्याच्या मानाने जास्तच, आणि एका डॉक्टरांनी पडद्यावर एकाहून जास्त भोकं दिसतायत म्हणून शंका घेतली. ऑपरेशनमध्ये आतल्या मांसाचा तुकडा काढून पाठवला आणि टीबी निघाला. घरात वर्षभरापूर्वी एकाला फुप्फुसाचा टीबी होऊन गेला होता, ते आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही, कानाशी संबंध असेल असं मनातही आलं नाही. मुलगा बरा आहे आता, त्या कानाला मशीन लागलंय.

काचपट्टी

पायवाट, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. साधी प्लेट आम्ही दोन दिवसांत आटोपतो, टीबीचा जंतू उगवायला कित्येक आठवडे घेतो, त्यामुळे वेगळं मागितल्याशिवाय तो आमच्या टेबलावर कधीच दिसणार नाही, आणि दरम्यान स्यूडोमोनास खरोखरच तिथे असतो, पाहुणा म्हणून. शंका असेल तर पुवापेक्षा आतला तुकडा चांगला, एक भाग जीनएक्सपर्ट या टीबीच्या पीसीआर तपासणीला, जी दोनेक तासांत उत्तर देते, एक टीबी कल्चरला आणि एक पॅथॉलॉजीला. तो पॅथॉलॉजीचा तुकडाच तेवढा फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, त्यात जंतू मरतात, सगळे तुकडे एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकले तर कल्चर संपलं.

महिनोन् महिने ड्रॉप्स चाललेल्या कानात बुरशीही होते, अ‍ॅस्परजिलस किंवा कँडिडा. कान फार खाजतोय, ओल्या कागदासारखं काही दिसतंय, त्यावर काळे ठिपके, तर बुरशीसाठी पण बघा असं लिहून द्यायचं.

चांदणवेल

सव्वा महिन्याने लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा, तुमच्यापैकी काहींनी विचारपूस केलीत ती वाचली होती.

ड्रॉप्स सहा दिवस बंद ठेवले, ते सहा दिवस फार जड गेले कारण कान भरभरून वाहत होता. मग मायक्रोस्कोप असलेल्या इएनटींकडे गेलो. ती घाबरली होती, डॉक्टरांनी सक्शनचा आवाज आधी तिच्या तळहातावर ऐकवला, नळी बोटाला लावू दिली, मग कानात. वीस मिनिटं लागली. स्क्रीनवर मला दाखवलं, पडद्याच्या मधोमध खालच्या बाजूला भोक आणि त्यातून ठोक्याबरोबर चमकत वर येणारा पू. वरचा कोपरा स्वच्छ आहे, गाठ नाही, हे ऐकून मी तिथेच रडले. पू बारीक काडीने तिथूनच घेतला, जेलवाल्या नळीत टाकला, फॉर्मवर मी सांगायच्या आधीच त्यांनी 'उजवा मध्यकर्ण, भोकातून, सहा दिवस ड्रॉप्स नाहीत, आठ महिने' असं लिहिलं. मी स्वतः तासाभरात लॅबला नेऊन दिला.

त्याच संध्याकाळी ग्रॅम स्टेन आला, पुवाच्या पेशी भरपूर, ग्रॅम निगेटिव्ह दांडुके (स्यूडोमोनास याच तऱ्हेचा) भरपूर, दुसरं काही नाही. दोन दिवसांनी स्यूडोमोनास एरुजिनोसा, एकटाच. सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे या वेळी पण रेझिस्टंट. डॉक्टरांनी तरीही तेच ड्रॉप्स दिले, पोटातून काहीही नाही, आणि आठवड्यातून दोनदा सक्शन. उंचवटा दाबायचं ती आता स्वतःच करते, मोजत दहापर्यंत.

अकराव्या दिवशी सकाळी उशी कोरडी होती. मी अभ्रा उलटा करून दोन्ही बाजू बघितल्या. आज तेविसावा दिवस, अजून कोरडी आहे. भोक आहे तसंच आहे, ऐकण्याच्या चाचणीत उजवीकडे 35 डेसिबल आलंय, म्हणजे थोडं कमी ऐकू येतं, काही महिने कोरडा राहिला तर ते भोक बंद करायचं ऑपरेशन करता येईल असं म्हणाले. तोवर आंघोळीला कानात व्हॅसलीन लावलेला कापूस.

रानवारा

फार बरं वाटलं वाचून. रेझिस्टंट असून त्याच ड्रॉप्सने गेला, हे मी तरी पहिल्यांदा ऐकलं.

काचपट्टी

ताई, मलाही फार आनंद झाला. या रिपोर्टची प्रत जपून ठेवा आणि लॅबला सांगून तो जंतू जपता येत असेल तर विचारा, काही लॅब ठेवतात. सर्दी झाली की कान परत ओला होऊ शकतो, तसं झालं तर घाबरू नका, पण पहिला थेंब घालायच्या आधी नमुना द्या. तेव्हा स्यूडोमोनास नसेलही, सर्दीतून वर चढलेला हिमोफिलस असेल, आणि मग औषध वेगळं लागेल.

चांदणवेल

हो, फ्रीजवर चिठ्ठी लावलीये, 'आधी काडी, मग थेंब'. घरात तिघांनाही पाठ झालंय.